नाळेचे गणित

कोलकात्यात हुगळीच्या पूर्व काठावर गार्डन रीच आहे. १८५६ मध्ये राज्य गमावलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह शेजारच्या मटियाबुर्जला येऊन राहिला, ही या भागाची नेहमीची ओळख. जहाजे बांधणाऱ्यांना १८८४ हे साल जवळचे. त्या वर्षी नदीकाठी एक छोटा कारखाना निघाला. १९६० मध्ये तो सरकारने घेतला, १९६१ मध्ये त्याने नौदलाला ‘अजय’ ही युद्धनौका बांधून दिली. आज तो गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स म्हणून ओळखला जातो.

जहाजाच्या अंगावर सरळ रेषा फार थोड्या. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, पाण्याखालचा भाग आणि मागची निमुळती बाजू, दोन्हीकडे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो. संगणक येण्यापूर्वी जगभरच्या गोद्यांत हे वळण मोल्ड लॉफ्टच्या, म्हणजे आखणीच्या दालनाच्या, जमिनीवर पूर्ण आकारात आखत. लवचीक लाकडी पट्टी ठरावीक बिंदूंवर शिशाच्या वजनांनी दाबून धरायची. मधला बाक ती स्वतःच शोधते, कारण वाकायला कमीत कमी ऊर्जा लागेल तोच आकार ती घेते. हा आकार दोन वजनांमध्ये जवळजवळ तिसऱ्या घाताच्या बहुपदीसारखा असतो. या पट्टीला इंग्रजी आरेखक ‘स्प्लाइन’ म्हणत. आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये तेच नाव गणितात आणले.

पुढचे काम मोटारवाल्यांनी केले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये नियंत्रणबिंदूंनी वक्र घडवण्याची रीत शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनोचे पिएर बेझिए यांनी आपले काम प्रसिद्ध केले आणि वक्राला त्यांचे नाव लागले. गुप्ततेची किंमत अशीही मोजावी लागते.

असे वक्र काढणारे सॉफ्टवेअर हाती आले म्हणून वळण सुबक होत नाही. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे मापातला प्रत्येक बिंदू वक्राने गाठलाच पाहिजे, हा हट्ट. मापात मिलिमीटरभर चूक असली तरी वक्र तिथे लाटेसारखा हेलकावतो. पडद्यावर हे डोळ्यांना दिसत नाही, पण वक्रतेचा आलेख काढला की त्याचे दात वर-खाली होऊन लबाडी उघड करतात. उपाय उलटा आहे: नियंत्रणबिंदू वाढवायचे नाहीत, कमी करायचे. दोन तुकड्यांच्या सांध्यावर स्पर्शरेषा जुळणे पुरत नाही. वक्रताही जुळावी लागते, नाहीतर रंगवलेल्या पत्र्यावर प्रकाशाची रेघ तिथेच मोडते.

खरी डोकेदुखी दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदतात तिथे. दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताच्या दोन पृष्ठखंडांचा छेदवक्र बीजगणिताने नेमका लिहायचा तर तो सर्वसाधारणपणे ३२४व्या घाताचा होतो! म्हणून सॉफ्टवेअर त्या जागी सोपा, अंदाजी वक्र ठेवते आणि चुकीला ठरावीक सूट देऊन भागवते. दुसऱ्या सॉफ्टवेअरची सूट वेगळी असेल तर प्रतिकृती तिकडे नेल्यावर सांध्यात फट निघू शकते. काम सुरू करण्याआधीच सूट एकसारखी ठरवली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मग पोलादाचा प्रश्न. कागदाची सुरळी होते, पण त्याच कागदाने नारळ सुरकुती न पाडता गुंडाळता येत नाही. दोन दिशांना वळणारा पत्रा दाबून किंवा रेषेत तापवून आकारावा लागतो, आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतात. म्हणून चांगला आरेखक जमेल तिथे एकाच दिशेने वळणारा पृष्ठभाग निवडतो. मला हे सौंदर्यापेक्षाही मोठे कसब वाटते.

मुंबईकरांच्या ओळखीचा धागा इथे येतो. नौदलाच्या युद्धनौका आरेखन विभागाने आरेखलेल्या १७-अ प्रकल्पाच्या सात फ्रिगेटपैकी चार मुंबईच्या माझगाव डॉकला आणि तीन गार्डन रीचला मिळाल्या. जहाज सुमारे १४९ मीटर लांब. ते मोठमोठ्या खंडांत बांधून जोडायचे. आराखडा एकच, गोद्या दोन. मुंबईत समुद्र, कोलकात्यात नदी. अशा कामात वळणाची मापे कुशल कारागिराच्या हातात राहून चालत नाहीत, ती सामायिक प्रतिकृतीतच असावी लागतात. माझगावची ‘उदयगिरी’ आणि गार्डन रीचची ‘हिमगिरी’ २६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमला एकाच समारंभात नौदलात दाखल झाल्या.