पक्ष्यांसाठी कॅमेरा : आधी मान, मग झूम

निवृत्तीनंतर रोज फिरायला जा, असे डॉक्टर सांगतात. पण नुसत्या चालण्याचा आठ दिवसांत कंटाळा येतो. पक्ष्यांचा नाद लागला की पाय आपोआप घराबाहेर पडतात. २०१८ साली वर्धेकरांनी मतदान करून शहरपक्षी ठरविलेला नीलपंख तारेवर दिसला, की फोटो काढावासा वाटतोच. त्यासाठी लेन्स बदलावी न लागणारा, दूरचे जवळ आणणारा ब्रिज कॅमेरा पुरेसा आहे.

दुकानदार झूमचा आकडा पुढे करील. आपण वजन विचारावे. कॅननचा एसएक्स ७० (६५ पट झूम) सुमारे ६१० ग्रॅमचा, तर निकॉनचा पी १००० (१२५ पट) सुमारे १४१५ ग्रॅमचा. मानेचे किंवा खांद्याचे दुखणे असलेल्यांनी दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय झूम वाढला की हाताचा कंपही फोटोत वाढतो. पट्टा गळ्यात न अडकवता खांद्यावरून तिरपा घ्यावा. जुना कॅमेरा घ्यायलाही हरकत नाही, मात्र लेन्स पूर्ण बाहेर काढून पाहावी.

डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर हवाच. आपल्याकडच्या उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. व्ह्यूफाइंडरजवळची लहान चकती फिरवून चित्र आपल्या नजरेला स्पष्ट करता येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती होऊन नवा चष्मा लागल्यावरच खरेदीला जावे.

उंच झाडावरच्या पक्ष्यासाठी मान फार वेळ मागे टाकू नये, चक्कर येऊ शकते. चार पावले मागे सरकून उभे राहावे.