बचाव फळीचे राखीव बळ (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात पहिल्या पसंतीच्या अकरा बचावपटूंच्या मागे, त्यांची जागा केव्हाही घेऊ शकतील असे जे खेळाडू तयार ठेवलेले असतात, त्यांच्या एकत्रित सामर्थ्यास बचाव फळीचे राखीव बळ म्हणतात. इंग्रजीत यासाठी ‘डेप्थ’ (खोली) हा शब्द रूढ आहे. प्रत्येक स्थानासाठी पहिला, दुसरा व तिसरा खेळाडू कोण हे दाखविणाऱ्या तक्त्याला ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. हा तक्ता मुख्यतः हंगामपूर्व सराव शिबिरात ठरतो. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालणारे हे शिबिर म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) प्रत्येक संघाच्या वर्षाचा पाया होय.

भारतात फुटबॉल या नावाने ओळखला जाणारा खेळ याहून वेगळा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन धावता येते व फेकताही येतो. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड (सु. ९·१४ मी.) पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्याला रोखणे, मागे रेटणे किंवा चेंडू हिसकावून घेणे हे बचाव फळीचे काम असते. आक्रमण व बचाव यांसाठी अकरा-अकरा जणांचे दोन स्वतंत्र चमू असतात आणि चेंडूचा ताबा बदलला की मैदानावरील सर्व खेळाडूही बदलतात.

ही विभागणी मूळची नव्हे. लीगची स्थापना १९२० मध्ये झाली (सध्याचे नाव १९२२ पासून), तेव्हा तेच अकरा खेळाडू आक्रमणही करीत व बचावही. बदली खेळाडूंवर कडक मर्यादा होत्या. दुसऱ्या महायुद्धामुळे मनुष्यबळ घटले म्हणून १९४३ मध्ये अनिर्बंध बदलीस मुभा देण्यात आली. ती १९४६ मध्ये काढून घेण्यात आली, १९४९ मध्ये पुन्हा एका वर्षापुरती दिली गेली आणि १९५० पासून कायम झाली. त्यानंतरही काही जुन्या वळणाचे खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळत राहिले. फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनारिक १९६० च्या अजिंक्यपद सामन्यात आक्रमणाच्या मध्यभागी आणि बचावात लाइनबॅकर म्हणून, अशा दोन्ही जागी खेळला होता. तथापि तो अपवादच. अनिर्बंध बदलीमुळे बचाव हे एक स्वतंत्र कौशल्य बनले आणि त्याबरोबर राखीव बचावपटू हा स्वतंत्र पेशाही निर्माण झाला.

बचाव फळीचे तीन थर असतात. आघाडीला अवजड शरीराचे डिफेन्सिव्ह लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि सर्वांत मागे कॉर्नरबॅक व सेफ्टी हे चपळ खेळाडू. आघाडीला चार व मधल्या थरात तीन (४-३), किंवा आघाडीला तीन व मधल्या थरात चार (३-४) अशा दोन रचना विशेष प्रचारात आहेत. चेंडू फेकण्याचे प्रमाण वाढत गेले, तसा मागच्या थरात पाचवा खेळाडू आणून खेळण्याचा प्रघात पडला. पाच सेंटच्या नाण्यावरून या रचनेला ‘निकल’ म्हणतात. सहावा खेळाडू आणला तर दोन निकल मिळून होणाऱ्या दहा सेंटच्या नाण्याचे, ‘डाइम’चे, नाव तिला मिळते. आज निकल ही अपवादात्मक रचना राहिलेली नाही. त्यामुळे तक्त्यात दुसऱ्या ओळीत नाव असलेला तिसरा कॉर्नरबॅक प्रत्यक्षात नित्याचाच खेळाडू असतो.

आक्रमणापेक्षा बचावाला राखीव बळ अधिक लागते, याची कारणे खेळाच्या स्वरूपातच आहेत. पुढची चाल कोणती व ती केव्हा सुरू होणार, हे आक्रमक संघाला ठाऊक असते. बचावपटूला मात्र पाहून प्रतिसाद द्यावा लागतो आणि चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, तरी सर्व अकरांनी त्याच्यामागे धावणे अपेक्षित असते. १३० ते १५० किग्रॅ. वजनाचा लाइनमन प्रत्येक चालीत तितक्याच वजनाच्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजतो. एका सामन्यात अशा सुमारे साठ ते पासष्ट चाली होतात. तेव्हा आघाडीचे चार जण अखेरपर्यंत त्याच जोमाने खेळतील ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणून बहुतेक संघ सात-आठ लाइनमन आलटून पालटून उतरवितात. शिवाय राखीव लाइनबॅकर व सेफ्टी यांना ‘स्पेशल टीम्स’मध्ये, म्हणजे चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगी मैदानावर येणाऱ्या चमूत, धावावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या बचावपटूचे संघातील स्थान पुष्कळदा बचावातील कामगिरीपेक्षा या दुय्यम वाटणाऱ्या कामावरच टिकते.

ज्ञानाचा भाग याहून कठीण आहे. बचावातील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाची सूचना ऐकू येणारे यंत्र बसविण्यास २००८ पासून परवानगी आहे. हा खेळाडू बहुधा मधला लाइनबॅकर असतो व तो इतर दहा जणांना रचना सांगतो. तो जखमी झाला, तर त्याच्या जागी येणाऱ्यास नुसते बळ असून भागत नाही. सगळी सांकेतिक भाषा त्याच्या जिभेवर असावी लागते. याच कारणाने संघाने बचावाची रचना बदलली की जमविलेले राखीव बळ एका उन्हाळ्यात निरुपयोगी ठरू शकते. ४-३ रचनेत बाजूने धावून जाणारा हलका लाइनमन ३-४ मध्ये आघाडीला बसत नाही, तर त्याला लाइनबॅकरचे काम नव्याने शिकावे लागते.

शिबिराची व्यवस्था : एका संघाला शिबिरात ९० खेळाडू ठेवता येतात. प्रत्यक्ष हंगामासाठी ५३ जणांची मर्यादा असून ती १९९३ पासून लागू आहे (१९७४ मध्ये ती ४७ होती). साधारणपणे ५३ पैकी पंचवीसच्या आसपास बचावपटू असतात. ऑगस्टच्या अखेरीस, २०२३ पासून एकाच मुदतीत, प्रत्येक संघाला सु. ३७ खेळाडू कमी करावे लागतात. ३२ संघांचा विचार केला, तर अकराशेहून अधिक माणसांचे स्थान त्या मुदतीबरोबर जाते. त्यांपैकी काहींना सराव चमूत परत घेतले जाते. या चमूची मर्यादा २०१४ मध्ये दहा होती, ती २०२० मध्ये सोळा करण्यात आली. शिबिराच्या काळात खेळाडूला हंगामाचे वेतन मिळत नाही, केवळ ठराविक भत्ता मिळतो. वेतन पहिल्या अधिकृत सामन्यापासून सुरू होते. नव्वदाव्या क्रमांकाचा बचावपटू कोणत्या परिस्थितीत मैदानावर उतरतो, याची कल्पना यावरून यावी.

त्याची अडचण केवळ स्पर्धेची नसते. सरावातील चालींची संख्या मर्यादित असते व त्यांतील मोठा वाटा पहिल्या चमूला द्यावा लागतो. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दिवसाकाठी मोजक्याच चाली मिळतात. त्याही बहुधा समोरच्या तिसऱ्या क्रमांकाच्या आक्रमकांविरुद्ध. त्यामुळे तो चमकला तरी ते श्रेय कितपत खरे, हे प्रशिक्षकाला ठरविता येत नाही. शिवाय दुखापत टाळण्यासाठी सरावात सहसा गड्याला जमिनीवर पाडीत नाहीत. बचावपटूचे मुख्य कौशल्य म्हणजे पकडून पाडणे. ते खऱ्या अर्थाने फक्त हंगामपूर्व सामन्यांतच तपासता येते. हे सामने १९७७ पर्यंत सहा होते, १९७८ पासून चार व २०२१ पासून तीन झाले. प्रमुख खेळाडूंना अशा सामन्यांत आता फारसे उतरवीत नाहीत, म्हणून राखीव खेळाडूंना अधिक वेळ मिळतो हे खरे. परंतु स्वतःला सिद्ध करण्याचे प्रसंगच कमी झाले आहेत.

म्हणूनच राखीव बळाचा शोध पुष्कळदा कोणाच्या तरी अनुपस्थितीमुळे लागलेला आढळतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या १९७४ च्या शिबिराचे आहे. पेनसिल्व्हेनियातील लट्रोब येथील सेंट व्हिन्सेंट कॉलेजात भरलेल्या त्या शिबिराच्या सुरुवातीस लीगमधील अनुभवी खेळाडू संपावर होते. करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघात मुक्तपणे जाता यावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. संप ऑगस्टमध्ये मागण्या पदरात न पडताच संपला. पण त्या काही आठवड्यांत मैदानावर मुख्यतः नवखेच होते आणि एरवी त्यांच्या वाट्याला न येणाऱ्या चाली त्यांना मिळाल्या. मुख्य प्रशिक्षक चक नोल यांच्यापुढे अशा रीतीने दोन बचावपटू आले. केंट स्टेट विद्यापीठाचा जॅक लँबर्ट निवडप्रक्रियेच्या दुसऱ्या फेरीत घेतलेला होता. मधला लाइनबॅकर हेन्री डेव्हिस हंगामापूर्वी जखमी झाल्याने ती जागा त्याला मिळाली व त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू म्हणून तो निवडला गेला. डॉनी शेल याला तर निवडप्रक्रियेत कोणत्याच संघाने घेतलेले नव्हते. महाविद्यालयात लाइनबॅकर असलेल्या शेलला सेफ्टीचे काम शिकविण्यात आले. पहिली काही वर्षे तो मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये खेळला, १९७७ मध्ये प्रमुख सेफ्टी झाला आणि निवृत्त होईपर्यंत त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या ५१ फेकी अडवून चेंडू ताब्यात घेतले. त्याची निवड क्रीडा गौरव दालनात (हॉल ऑफ फेम) २०२० मध्ये झाली.

त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात (१२ जानेवारी १९७५, न्यू ऑर्लीन्स) राखीव बळाची दुसरी कसोटी लागली. मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्धच्या त्या सामन्यात लँबर्ट व अँडी रसेल हे दोन्ही लाइनबॅकर जखमी झाले आणि उत्तरार्धाचा बहुतांश भाग एड ब्रॅडली व लोरेन टेव्ह्ज या राखीव खेळाडूंनी खेळून काढला. व्हायकिंग्जना धावून अवघे १७ यार्ड मिळविता आले. त्यांचे सहा गुणही लाथाडलेला चेंडू अडविल्यामुळे मिळालेले होते, आक्रमणातून नव्हे. स्टीलर्सनी सामना १६–६ असा जिंकला. त्या संघाची आघाडीची चौकडी अमेरिकेत ‘पोलादी पडदा’ म्हणून गाजली. ब्रॅडली व टेव्ह्ज यांची नावे मात्र जाणकारांपुरतीच राहिली.

शिकागो बेअर्सच्या १९८५ च्या उदाहरणात गोष्टीची दुसरी बाजू दिसते. त्या वर्षी सेफ्टी टॉड बेल व लाइनबॅकर अल हॅरिस यांनी वेतनाच्या वादामुळे शिबिरावर बहिष्कार घातला. संघव्यवस्थापन नमले नाही. बेलच्या जागी डेव्ह डुअरसन व हॅरिसच्या जागी विल्बर मार्शल खेळले. बडी रायन यांनी घडविलेल्या या बचाव फळीने नियमित हंगामात केवळ १९८ गुण दिले. बाद फेरीतील पहिल्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही आणि २६ जानेवारी १९८६ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६–१० असा पराभव केला. बेल व हॅरिस त्या संपूर्ण हंगामास मुकले. राखीव बळ हे प्रशिक्षकाच्या हाती जसे साधन आहे, तसेच ते मालकाच्या हातीही आहे, हे यावरून उघड होते. मागे तयार माणूस उभा असेल, तर पुढच्याचे सौदाबळ घटते. संघाच्या एकूण वेतनावर १९९४ मध्ये मर्यादा आल्यापासून हा हिशेब अधिकच काटेकोर झाला. किमान वेतन अनुभवाच्या वर्षांनुसार वाढत असल्याने, सारख्या कुवतीच्या दोन राखीव खेळाडूंत तरुण व स्वस्त खेळाडू ठेवण्याकडे संघांचा कल असतो. परिणामी मधल्या दर्जाचा अनुभवी बचावपटू, जो संकटकाळी खरोखर उपयोगी पडतो, तोच आधी वगळला जातो. हे धोरण शहाणपणाचे असल्याचे शिबिरात भासते. त्याची उणीव कळते ती डिसेंबरात, दुखापतींची यादी लांबल्यावर.

राखीव बळ वाढविण्यासाठी जुन्या काळी शिबिरे अतिशय कठोर असत. दिवसातून दोनदा पूर्ण संरक्षक पोशाखात सराव, उन्हाची पर्वा नाही, अशी पद्धत होती. मिनेसोटा व्हायकिंग्जचा २७ वर्षांचा आक्रमक लाइनमन कोरी स्ट्रिंगर मॅन्केटो येथील शिबिरात उष्माघाताने कोसळला व १ ऑगस्ट २००१ रोजी मरण पावला. त्यानंतर पाणी, विश्रांती व शरीराचे तापमान यांकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. खेळाडू संघटना व मालक यांच्यातील २०११ च्या करारान्वये दिवसातून दोनदा पूर्ण पोशाखातील सराव बंद झाला. काही प्रशिक्षकांच्या मते यामुळे तरुण बचावपटूंचे पकडीचे तंत्र कच्चे राहते. ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. पण गेलेल्या जीवापुढे तिचे वजन फार नाही.

मेंदूवरील आघातांचा प्रश्न अलीकडे अधिक गंभीर मानला जातो. उपरोक्त डेव्ह डुअरसन याने फेब्रुवारी २०११ मध्ये आत्महत्या केली. आपल्या मेंदूचे संशोधन व्हावे अशी इच्छा त्याने लिहून ठेवली होती आणि वारंवार झालेल्या आघातांशी निगडित मेंदूविकार त्यात आढळून आला. शिबिरात लाइनमन व लाइनबॅकर यांची डोकी सर्वाधिक वेळा आदळतात. म्हणून २०२२ पासून दोन्ही बाजूंचे लाइनमन, टाइट एंड व लाइनबॅकर यांना शिबिरातील सरावात शिरस्त्राणावर मऊ आवरण घालणे सक्तीचे करण्यात आले. पुढील वर्षी चेंडू घेऊन धावणाऱ्या पाठीमागच्या खेळाडूंनाही हा नियम लागू झाला आणि २०२४ पासून हे आवरण अधिकृत सामन्यांत वापरण्याची मुभा खेळाडूंना ऐच्छिक स्वरूपात देण्यात आली.