आकडा सांगायला लाज कसली?

नारायणगुड्याला माझी ताई राहते. दाजी नोकरीसाठी भालकीहून हैदराबादला गेले आणि तिथलेच झाले. हा भाग आपल्या माणसांना परका नाही. न्या. केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ निघालेली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था इथेच आहे. काचीगुडा, सुलतान बाजार जवळच. ताईच्या घरात सासूबाईंशी कन्नड, लेकींशी मराठी आणि दारावरच्या भाजीवाल्याशी तेलुगू चालते.

या तिन्ही भाषांत एक म्हण समान आहे. आपण म्हणतो, घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून. कन्नडमध्ये 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु', तेलुगूत 'इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु'. तेलुगूत १९५२ साली आणि कन्नडमध्ये १९६५ साली याच म्हणीच्या नावाने सिनेमेही निघाले. ताईने दोन लेकींची दोन लग्ने केली, आणि दोन्ही वेळा मामा म्हणून मी हजर होतो.

पहिले लग्न २०१८ सालचे. जेवणाचे ठरवायला केटरर घरी आला. त्याने सरळ विचारले, "बजट कित्ता है साब?" दाजी हसले आणि म्हणाले, "तुम अच्छा करो, पैसे का देख लेंगे." वाचकहो, या एका वाक्याची किंमत पुढे एक लाख चाळीस हजार रुपये झाली! चाट काउंटर आला, दोन गोड पदार्थांचे चार झाले, वाढप्यांना फेटे आले. हॉलवाल्याने जनरेटरचे डिझेल, साफसफाई, विजेचे युनिट वेगळे लावले. त्यावर जीएसटी. कोणी फसवले असे म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक गोष्टीला आम्हीच मान डोलावली होती. ताईच्या बांगड्या गहाण पडल्या आणि नवरा-बायकोत महिनाभर अबोला होता. हे बाहेर कोणाला कळले नाही, मला कळले.

मला नवल याचे वाटते की आकड्यांची आपल्याला मुळीच लाज नाही. आपल्याकडे बैठकीत 'यादी' होते. व्याह्यांसमोर, चार वडीलधाऱ्यांसमोर मानपान, कपडे, पाहुणे, कोणता खर्च कोणाचा हे कागदावर उतरते आणि कागदाला हळदकुंकू लागते. ज्या व्याह्यांपुढे संकोच वाटायचा तिथे आपण घासाघीस करतो. आणि ज्या आचाऱ्याला, मंडपवाल्याला आकडा कळल्याशिवाय कामच करता येत नाही, त्याच्यापुढे आपल्याला अचानक श्रीमंती आठवते.

धाकटीच्या वेळी, गेल्या वर्षी, दाजी पुन्हा तेच वाक्य बोलू लागले तेव्हा आतून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "बाय बिट्टु हेळप्पा!" तोंड उघडून सांग बाबा. ताईनेच वही पुढे केली. जेवणाला अडीच लाख, माणसे ३५०, यात काय बसते आणि काय बसत नाही ते सांगा. केटरर वेगळा होता, पण मिनिटभर गप्प बसून तोही कामाचे बोलू लागला. चाट काउंटर त्यानेच काढला. हुग्गी आणि होळगी ठेवा, चार मिठायांपेक्षा तुमची माणसे तेच खातील, हे त्यानेच सुचवले. भांडी, वाढपी धरून ताटाचा दर लिहून दिला, आणि ३५० च्या वर ताटे गेली तरी दर तोच.

हॉलच्या मॅनेजरलाही आकडा सांगितला. त्याचे उत्तर माझ्या कधी डोक्यात आले नसते. तेलुगू लग्नांचे मुहूर्त पुष्कळदा रात्रीचे किंवा पहाटेचे असतात, आपल्या अक्षता दुपारी पडतात. त्याच्याकडे एका तारखेला दिवसाचा वेळ रिकामा होता, तो त्याने कमी भाड्यात दिला. गाडीवाल्याने तर स्वतःचेच भाडे कमी केले. बिदरहून एसटीने येणाऱ्यांसाठी मिनीबस कशाला, म्हणाला. इमलीबनला उतरा, महात्मा गांधी बसस्थानकावरून मेट्रोने दुसरे स्टेशन नारायणगुडा. (हा मार्ग फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला.) म्हाताऱ्यांपुरती एक गाडी पुरली.

आकडा सांगितला की समोरचा तो पुरा वसूल करतो, असे दाजींचे म्हणणे. ते सगळेच खोटे नाही. असेही लोक भेटतात. म्हणून आम्ही एकूण खर्च कोणालाच सांगितला नाही. ज्याचे काम त्याला त्याच्या कामाचा आकडा, तोही दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवलेला. दहातला एक हिस्सा ताईने कपाटात ठेवला, त्याचा कोणापुढे उच्चार नाही. आणि ॲडव्हान्स देण्याआधी एवढे कागदावर घेतले: जीएसटी धरून की सोडून, हॉल किती वाजता रिकामा करायचा, तारीख मोडली तर किती परत.

फुलांच्या बाबतीत मात्र ताईचे काही चालले नाही. नवरीला मोगऱ्याची झालर हवी होती, ती आली, आणि कपाटातला हिस्सा थोडा हलका झाला.

शेवटी ताटे ३७६ झाली. वरच्या २६ ताटांचे पैसे केटररने ठरल्या दरानेच घेतले. त्या २६ जणांत न कळवता माझ्यासोबत आलेले माझ्या कॉलेजचे दोन प्राध्यापकही होते, हे ताईला अजून मी सांगितलेले नाही.