‘राष्ट्रीय सुरक्षा’ : चिपच्या बातम्यांमागील राजकारण

नवी दिल्ली : सेमीकंडक्टर चिपविषयीच्या बातम्यांत ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो कोण वापरतो आणि कशाच्या बळावर, हे पाहिल्याशिवाय बातमीचा अर्थ पूर्ण होत नाही.

अत्याधुनिक चिप घडविण्यासाठी लागणारी ‘ईयूव्ही’ लिथोग्राफी यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकमेव कंपनी बनवते. ती चीनला मिळू नयेत, यासाठी अमेरिकेने डच सरकारचे मन वळविले. चिपचा लष्करी वापर होईल, हा त्यामागील युक्तिवाद होता. मात्र यंत्रांचे काही महत्त्वाचे भाग अमेरिकेत तयार होत असल्याने त्याला दबावाचीही जोड होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने स्वतःचे निर्यातनिर्बंध कडक केले. त्यानंतर १ सप्टेंबर २०२३ पासून नेदरलँड्सने आधीच्या पिढीच्या काही प्रगत यंत्रांच्या निर्यातीसाठीही परवाना बंधनकारक केला.

दरम्यान, चिपनिर्मितीत उपयुक्त असलेल्या गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून निर्बंध घातले. जगातील बहुतांश गॅलियम चीनमध्येच तयार होते. या निर्णयासाठीही राष्ट्रीय सुरक्षेचेच कारण देण्यात आले.

म्हणजेच युक्तिवाद दोन्हीकडे एकच आहे. त्याला वजन येते ते पुरवठ्यावरील नियंत्रणामुळे. भारताने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. येथील प्रकल्पांना यंत्रसामग्रीसाठी परदेशांवर अवलंबून राहावे लागत असल्याने, हे परवाने कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न भारतासाठीही महत्त्वाचा ठरतो.