निळ्या कोटामागची सोनेरी भिंत

भीमजयंतीला महिना राहिला की वस्तीत चुन्याचा आणि डिस्टेंपरचा वास येऊ लागतो. बाहेर पताका, कमान आणि वर्गणीची धावपळ सुरू असते. घराघरांतून पेट्या, गाद्या, भांडी गॅलरीत येतात आणि खोली रिकामी होते. रंग मात्र ठरलेलाच, निळा. गेल्या वर्षीपेक्षा थोडा फिका नाहीतर थोडा गडद, एवढाच काय तो फरक.

निळ्याविषयी आम्हाला प्रेम नाही असे कोणी समजू नये. तो आपल्या झेंड्याचा रंग आहे आणि झेंड्यावर तो शोभतोच. पण आपली घरे कशी असतात? मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली घ्या. 160 चौरस फूट, म्हणजे साधारण दहा बाय सोळा. एका बाजूला दार, समोर खिडकी, मध्ये अंधार. अशा खोलीत गडद निळा लावला की तो उजेड पिऊन टाकतो. भर दुपारी दिवा लावून मुले अभ्यासाला बसतात. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ठरवले, यंदा सोनेरी पिवळा. मधाच्या बाटलीतून ऊन दिसावे, तसा.

दुकानात रंगाचे कार्ड पाहिले, बोट ठेवले, डबा घेऊन आलो. पहिला हात मारून झाला आणि सासूबाई दारातच थबकल्या. "अगं, ह्यो तर भंडारा! जेजुरी केलीस का घराची?"

आम्ही हसण्यावारी नेले. त्या मात्र हसल्या नाहीत. 1956 साली त्या आठ वर्षांच्या होत्या. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले, हे त्यांनी काठावर उभे राहून पाहिले आहे. घरात पुन्हा देव मांडायचे नाहीत, हे त्यांनी बावीस प्रतिज्ञा पाठ होण्याआधीच शिकले. त्या माऊलीला भिंतीवर हळद उधळल्यासारखे दिसले, तर तिचे काय चुकले? थोरले दीर म्हणाले, "पुन्हा निळाच मारा, वाद मिटला." लेक म्हणाली, "मग मी अभ्यास कुठे करू?" दोन दिवस खोली तशीच अर्धी राहिली आणि आम्ही गॅलरीत झोपलो.

पिवळा रंग भंडाऱ्याचा, ही समजूत आपल्यात खोल आहे. पण या रंगाशी आपले नाते त्याहून जुने आहे. विनयपिटकात चीवर रंगवण्याची हकिकत येते. सुरुवातीला भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने वस्त्रे रंगवीत, आणि ती विद्रूप दिसत. तेव्हा भगवंतांनी मुळे, खोड, साल, पाने, फुले आणि फळे यांपासून केलेल्या सहा प्रकारच्या रंगांना अनुमती दिली. फणसाच्या खोडाचा गाभा उकळून निघणारा सोनेरी तपकिरी रंग थायलंडच्या अरण्यवासी भिक्खूंच्या चीवरावर आजही दिसतो. मातीचा रंग कापडाला मानवला नाही, भिंतीला मात्र उत्तम मानवला. अजिंठ्याला गेला असाल तर आठवा. तिथल्या चित्रांतले पिवळे आणि तांबडे रंग साध्या मातीचे, लोहाचा अंश असलेल्या मातीचे आहेत. पिवळी ती पिवडी, तांबडी तो गेरू. लेण्यांतल्या त्या मंद उजेडातही ते रंग ऊबदार दिसतात. आपल्या खोलीतला उजेड तरी याहून वेगळा कुठे असतो? पंचशील ध्वज 1885 साली कोलंबोत पहिल्यांदा फडकला, त्यातही निळ्याशेजारचा पट्टा पिवळाच आहे.

हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आसंल. पर हा रंग त्यो न्हाई." आणि त्यांचे खरे होते. आम्ही आणलेला रंग लिंबाकडे झुकलेला, भडक. मातीचा पिवळा जरा मळकट, जरा तांबूस असतो. आमच्या शेजारचा मुलगा रंगकाम करतो. त्याने उरलेल्या डिस्टेंपरमध्ये यलो ऑक्साइडचा स्टेनर घातला, वर रेड ऑक्साइडचे अगदी थेंब, आणि दर वेळी कोपऱ्यात हातभर जागा रंगवून वाळू दिली. चौथ्या ठिपक्याला सासूबाईंनी मान हलवली. थेंब जास्त पडले की तोच रंग भगव्याकडे सरकतो, आणि मग शेजारीपाजारी वेगळेच प्रश्न विचारतील!

या खटाटोपात जे शिकलो ते भगिनींच्या कामी येईल. कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नये. चार भिंतींवर तोच रंग एकमेकांवर पडतो आणि दुप्पट गडद वाटतो, म्हणून मनात भरला त्यापेक्षा एक पायरी फिका घ्यावा. ठिपका सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावा. पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली सोनेरी रंग हिरवट, आजारी दिसतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेले असेल तर उजेड पिवळसर पडतो आणि भिंत खुलते. अभ्यासाच्या जागी 4000 चा चालतो. छत मात्र पांढरेच ठेवा, नाहीतर डब्यात बसल्यासारखे होते.

चारही भिंती रंगवण्याची ऐपत नसेल तर खिडकीतले ऊन जिच्यावर पडते ती एकच भिंत घ्यावी. सोळा बाय दहाची भिंत म्हणजे 160 चौरस फूट. एक लिटर किती पुरतो ते डब्यावर छापलेले असते, तेवढे घ्यावे. गावाकडे चुन्याची भिंत असेल तर याहून स्वस्त उपाय आहे. चुनकळी रात्रभर विरवून ती निवळी फडक्यातून गाळावी, त्यात पिवडी आणि चिमूटभर गेरू कालवावा, भिंतीला धरून राहावे म्हणून थोडा डिंक घालावा. मातीचे हे रंग चुन्यात टिकतात. ओला असताना हा रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा घाबरून आणखी चुना घालू नका. चुनकळी विरताना उकळते, मुलांना जवळ येऊ देऊ नये. आणि भिंतीला ओल असेल, मीठ फुटत असेल, तर कोणताही रंग वाया जातो. पावसाळा संपल्याबरोबर अशोक विजयादशमीसाठी घाई करण्यापेक्षा मार्च-एप्रिलच्या कोरड्या भिंतीवर काम करावे.

एक गोष्ट मात्र जिवाशी संबंधित आहे. दारे-खिडक्यांना लावायच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही भडक पिवळ्या आणि केशरी रंगांत, शिशाचे संयुग सर्रास असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये झाले. दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, असा तो नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्यापूर्वीचा रंग तुमच्या चौकटीवर असू शकतो. तो कोरडा घासला की धूळ उडते, रांगते मूल ती बोटांनी तोंडात घालते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. जुना रंग पाणी मारून, ओल्या काचपेपरनेच घासावा. मुले व गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी असावीत. खरवडा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. आपली कितीतरी मुले रंगकामावर पोट भरतात. त्यांनीही तोंडाला फडके बांधावे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत. नवा डबा घेताना शिसे नसल्याचा मजकूर वाचून घ्यावा.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आता कुठे कोणती भिंत कोणत्या रंगाची, हा प्रश्न आपल्या बायकांपुढे आला आहे. महाडला 1927 साली बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना नेसणे बदलायला सांगितले होते. नेसण्यातली एवढीशी गोष्ट, पण त्यांनी ती भरसभेत सांगितली.

आमच्या खोलीत रंगाचा दुसरा हात वाळल्यावर फोटो टांगायची वेळ आली. आजवर निळ्या भिंतीवर बाबासाहेबांचा निळा कोट भिंतीतच विरघळून जाई, नुसता चेहरा आणि चष्मा दिसे. सोनेरी भिंतीवर तो कोट असा उठून आला की थोरले दीर दोन पावले मागे सरून बघत राहिले. शेजारी फळीवर पांढरी बुद्धमूर्ती ठेवली. खिळा ठोकायला स्टूल आणले तेव्हा सासूबाई खालून म्हणाल्या, "जरा खाली घे. वंदनेला बसल्यावर मला दिसाया पायजे."