अनियमित पाळी: अंदाज तारखेचा नको, पल्ल्याचा हवा

पाळी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने बारीकशी खूण करायची, ही अनेक घरांतली जुनी सवय. आता ती नोंद मोबाइलच्या ॲपमध्ये होते आणि ॲप लगेच पुढची तारीखही सांगून टाकतं. पाळी नियमित असेल तर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पण जिची पाळी कधी तिसाव्या दिवशी, तर कधी पन्नासाव्या दिवशी येते, तिला ती तारीख दर महिन्याला घोर लावते. हा घोर बराचसा टाळता येतो. त्यासाठी आधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १: पाळी बरोबर २८ दिवसांनी आली, तरच ती नियमित.

वस्तुस्थिती: स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८च्या निकषांनुसार २४ ते ३८ दिवसांचं चक्र सामान्य आहे. वर्षभरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रात वयानुसार ७ ते ९ दिवसांचा फरक असला, तरीही पाळी नियमितच म्हणायची. २०१९ साली सहा लाखांहून अधिक चक्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेमकी २८ दिवसांची चक्रं जेमतेम १३ टक्के होती.

‘एकाच महिन्यात दोनदा आली’ ही तक्रारही अनेकदा निराधार असते. ५ मार्चला पाळी आली, तर २८ दिवसांनी २ एप्रिल येतो आणि पुढच्या २८ दिवसांनी ३० एप्रिल. म्हणून मोजायचे ते दिवस. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. नुसता डाग दिसला तर तो वेगळा लिहावा. पाळी संपल्यापासून मोजलं, तर सगळं गणित चुकतं.

गैरसमज २: पुरेशा नोंदी केल्या की ॲप अचूक तारीख सांगतं.

वस्तुस्थिती: ॲपचा मुख्य आधार मागच्या चक्रांचाच असतो. समजा, एखादीची गेली सहा चक्रं २९, ४३, ३४, ५१, ३१ आणि ४० दिवसांची आहेत. सरासरी ३८ दिवस निघते. पण ३८ दिवसांचं चक्र त्यात एकही नाही! अडतिसाव्या दिवशी पाळी आली नाही म्हणून तिने घाबरून जाण्यात काय अर्थ? तिच्यासाठी खरा अंदाज ‘२९ ते ५१ दिवसांच्या दरम्यान’ असाच असेल. प्रवास, परीक्षा, लग्नकार्य यांचं नियोजन या पल्ल्यावरून करावं आणि एकोणतिसाव्या दिवसापासून पॅड जवळ ठेवावेत.

गैरसमज ३: चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं, बाकीचे दिवस सुरक्षित.

वस्तुस्थिती: स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. हा उत्तरार्ध बऱ्यापैकी ठरलेला असतो. कमीजास्त होतो तो मुख्यतः पूर्वार्ध. आजारपण, ताण, वजनातली मोठी घट, थायरॉइडचा विकार किंवा पीसीओएस हा संप्रेरकांच्या असंतुलनाचा विकार यांमुळे स्त्रीबीज उशिरा पक्व होतं, म्हणून पाळी लांबते. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीचं स्त्रीबीज पंधराव्यापासून सदतिसाव्या दिवसापर्यंत केव्हाही बाहेर पडू शकतं. त्यातच शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. त्यामुळे अनियमित पाळीत ‘सुरक्षित दिवसां’वर विसंबणं धोक्याचं आहे. अशा पाळीत दिवस राहत नाहीत, असंही नाही. बाळंतपणानंतर तर पहिली पाळी येण्याआधीही दिवस जाऊ शकतात.

गैरसमज ४: तापमान किंवा घरची चाचणी घेतली की नेमका दिवस कळतो.

वस्तुस्थिती: सकाळी उठण्यापूर्वीचं तापमान स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर थोडंसं वाढतं. म्हणजे घडून गेलेली गोष्ट त्यावरून कळते, होणारी नाही. लघवीतलं एलएच हे संप्रेरक तपासणारी पट्टी एक-दीड दिवस आधी सूचना देते. पण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं आणि पट्टी फसवा होकार देते. ही साधनं उपयोगी आहेत, मात्र त्यांचा अर्थ डॉक्टरांशी बोलून लावावा.

गैरसमज ५: पपई, तीळ, गूळ खाल्ला की लांबलेली पाळी येते.

वस्तुस्थिती: यामुळे पाळी खात्रीने येते, याला पुरावा नाही. शरीरसंबंध आला असेल, तर आधी गर्भचाचणी करावी. सण, पूजा किंवा सहलीसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. त्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा रक्तस्राव गोळीमुळे असतो, तसंच गर्भनिरोधक गोळ्यांवरच्या पाळीचंही. त्या तारखांपुढे ‘गोळी’ असं लिहून ठेवावं, नाहीतर पुढचा अंदाज चुकतो.

गैरसमज ६: ‘माझी पहिल्यापासून अशीच आहे’ म्हणून दाखवायची गरज नाही.

वस्तुस्थिती: पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं आणि रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होणं स्वाभाविक आहे. एरवी वारंवार २४ दिवसांच्या आत किंवा ३८ दिवसांनंतर पाळी येत असेल, तर तपासणी करावी. तीन महिने पाळीच आली नाही, रक्तस्राव आठ दिवसांपेक्षा जास्त चालला, किंवा तासातासाला पॅड बदलावा लागला, तर थांबू नये. पीसीओएसमध्ये पाळी महिनोन् महिने आली नाही, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावर उपचार आहेत, पण त्यासाठी वेळेवर दाखवायला हवं.

म्हणून नोंद ठेवावीच, फक्त तिच्याकडून नेमक्या तारखेची अपेक्षा करू नये. सुरुवातीचा दिवस, किती दिवस अंगावरून गेलं, स्राव कमी की जास्त, दुखणं, डाग, चालू औषधं आणि वजनातला बदल एवढं सहा महिने लिहावं. डॉक्टर पहिला प्रश्न ‘शेवटची पाळी कधी आली?’ हाच विचारतात. तेव्हा सहा महिन्यांची ही नोंद समोर ठेवली, तर कोणत्या तपासण्या हव्यात हे ठरवणं त्यांना सोपं जातं आणि आपली तक्रार ‘होतं असं कधीकधी’ म्हणून बाजूला सारली जात नाही.