मोडीत घालण्यापूर्वी : भंगारातला बैल



पोळा जवळ आला की घरोघर आवराआवर सुरू होते आणि वर्षभराचे लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. वखराची झिजलेली पास, बंडीच्या चाकाची धाव, जुन्या इंजिनाचा पिस्टन, सायकलची साखळी. किलोवर भाव ठरला, पैसे हातात आले, विषय संपला. यंदा मात्र काट्यावर घालण्याआधी त्या ढिगाकडे घटकाभर बघावे, एवढ्यासाठी हा लेख.

बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आला. तो यायलाच हवा होता. पण पास, सरता, शिवळ म्हणजे काय, हे आता घरच्या पोट्ट्यांना समजावून सांगावे लागते. दाखवायला वस्तूच राहिली नाही, तर सांगणार तरी कसे?

वस्तू ठेवण्याची एक हौशी रीत आहे. सुट्या भागांतून जनावर उभे करायचे. परदेशात याच्या एका प्रकाराला ‘स्टीमपंक’ म्हणतात. हा शब्द १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने एका प्रकारच्या कथांसाठी काढला. वाफेच्या इंजिनाच्या काळातली दातेरी चक्रे, पितळी नळ्या, व्हॉल्व्ह, दाबमापक असे भाग जोडायचे आणि ते झाकायचे नाहीत, उघडे ठेवायचे. आपल्याला हे भाग नवे नाहीत. कारखान्याच्या बॉयलरपाशी तेच दिसतात.

भाग फार लागतात असेही नाही. पाब्लो पिकासो या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९४२ साली सायकलची सीट घेतली, तिच्यावर हँडल बसवले, आणि बैलाचे तोंड तयार झाले. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगे. दोनच वस्तू!

बैल कसा करावा

आधी जमिनीवर खडूने बैलाची आकृती काढावी आणि भाग तिच्यावर मांडून बघावेत. धावेचा तुकडा पाठीच्या कण्याला, वखराची पास पोटाला, नांगराचा फाळ तोंडाला, इंजिनाचे कनेक्टिंग रॉड पायांना, बेअरिंगची कडी डोळ्यांना, साखळी शेपटीला. वशिंड विसरू नये. त्याशिवाय तो आपला बैल दिसत नाही. खिल्लारी करायचा तर शिंगे लांब, मागे वळून वर गेलेली. गवळाऊ करायचा तर आखूड आणि बोथट. खाली जुन्या पुलीची चार चाके लावली की तान्ह्या पोळ्यात लेकरू ओढत नेईल.

मांडणी मनासारखी झाली की मगच वेल्डिंगवाल्याकडे जावे. पोलादी भाग सहज जोडतात. बिडाचे भाग साध्या रॉडने जोडले तर तडकतात. ते नटबोल्टने कसावेत. गंज तारेच्या ब्रशने काढावा, आवळलेल्या बोल्टवर रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवावे. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. लोखंडाचा मूळ रंग राहतो आणि गंज लवकर धरत नाही.

काही गोष्टी टाळाव्यात

डिझेलचा बंद पिंप कधीही कापू नये, रिकामा दिसला तरी आतली वाफ पेट घेते. फवारणीच्या औषधाचे डबे मुळीच वापरू नयेत. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर अंगात गेला की ताप येतो. काम उघड्यावर करावे आणि जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे. आणि कारखान्याच्या आवारातले भंगार सर्व सभासदांचे आहे, ते रीतसर विक्रीतूनच घ्यावे.

कापू नये असे लोखंड-पितळ

सर्वांत महत्त्वाचे हे. १९७४ साली प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला, झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातूच्या मूर्ती निघाल्या. एक बैलजोडीचा रथ, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे, थेट आपल्या तान्ह्या पोळ्याच्या बैलासारखे! त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी त्या मोडीच्या भावाने गेल्या असत्या तर आज आपल्याला त्यांची गोष्टही ठाऊक नसती.

म्हणून ढिगाचे तीन भाग करावेत. मोडीचे, बैलाचे आणि जपायचे. जुनी मूर्ती, नाणे, कोरीव पितळी वस्तू दिसली तर तिला छिन्नी लावू नये. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू ‘पुरावस्तू’ ठरतात. जमिनीत पुरलेले काही निघाले तर तहसीलात कळवावे. त्याचा कायदा १८७८ पासून आहे.

असो. वरूडच्या मातीत संत्रा असो की ऊस, बैलाच्या खांद्यावरच आपली शेती उभी राहिली. त्याच्याच अवजारांतून त्याला उभा करून अंगणात ठेवला, तर पोट्टे विचारतील, “आबा, हे पोटाले काय लावलं जी?” तेव्हा पास काय असते, ती जमिनीत कशी चालते, हे बोटाने दाखवून सांगता येईल.